मोलकरी आणि मुलगा

क्षमा करणें हें थोरपणाचें लक्षण आहे, असें सर्व धर्मांनीं आणि नीतिवेत्त्यांनीं सांगितलें आहे. क्षमा मागणें हेंहि सोपें नाहीं. त्यासाठीं अभिमान गिळावा लागतो. परंतु क्षमेच्या व्यवहाराला आणखी एक बाजू आहे, आणि तिचा विचार फारसा होत नाहीं. ती बाजू म्हणजे मिळालेली क्षमा घेणें. अपराध्यानें क्षमा मागितली, समोरच्यानें ती मनापासून दिली, आणि तरीहि अपराध्याला ती घेतां येत नाहीं, असा प्रकार संसारांत नित्य घडतो. वर्षानुवर्षें अबोला धरलेला धाकटा भाऊ एके दिवशीं घरीं परततो. वडील भाऊ झालें गेलें विसरून त्याच्यासाठीं पाट मांडतो. परंतु पाटावर बसलेल्याच्या घशाखालीं घांस उतरत नाहीं. कोणी रागें भरलें असतें तर तें त्याला सोसलें असतें. प्रेमानें वाढलेलें ताट मात्र सोसवत नाहीं.

ख्रिस्ती धर्मांत देवाच्या क्षमेला केंद्रस्थान आहे, हें सर्वश्रुत आहे. देव हा प्रेमळ पिता असून पश्चात्ताप करणाऱ्याला तो जवळ करतो, ही शिकवण त्या धर्माशीं जुजबी परिचय असलेल्यांसहि ठाऊक असते. परंतु ती क्षमा माणसानें घ्यावयाची कशी, या प्रश्नाकडे पुष्कळदां ख्रिस्ती माणसाचेंहि लक्ष जात नाहीं. तो देवाजवळ क्षमा मागतो, ती मिळाली असें तोंडानें म्हणतो, आणि जुन्या अपराधाचें ओझें मनांत तसेंच वागवीत राहतो. या अवस्थेचें निदान ख्रिस्तानें एका घरगुती गोष्टींत करून ठेविलें आहे. लूकलिखित शुभवर्तमानाच्या १५ व्या अध्यायांतील ती गोष्ट उधळ्या पुत्राचा दृष्टांत या नांवानें जगभर प्रसिद्ध आहे.

गोष्टीचा प्रसंग ध्यानांत घेण्यासारखा आहे. समाजानें वाळींत टाकलेले जकातदार आणि पापी म्हणून गणले गेलेले लोक ख्रिस्ताभोंवतीं जमूं लागले होते, आणि तो त्यांच्या पंक्तीस जेवतो म्हणून परूशी व शास्त्री कुरकुर करीत होते. त्यांना उत्तर म्हणून ख्रिस्तानें ओळीनें तीन दृष्टांत सांगितले. पहिल्यांत १०० मेंढरांपैकीं एक हरवतें. दुसऱ्यांत १० नाण्यांपैकीं एक हरवतें. तिसऱ्यांत दोन पुत्रांपैकीं एक दुरावतो. तिन्हींचा शेवट आनंदांत होतो. परंतु त्यांत एक भेद आहे. मेंढराला मेंढपाळ खांद्यावर घालून आणतो. नाणें घरधनीण दिवा लावून, घर झाडून शोधून काढते. सांपडण्यासाठीं मेंढराला किंवा नाण्याला कांहींच करावें लागत नाहीं. मुलाचें तसें नाहीं. त्याला खांद्यावर घालून घरीं आणतां येत नाहीं. आणि घरीं आल्यावरहि तो पुत्र म्हणून राहील कीं परका म्हणून, हें केवळ बापाच्या इच्छेवर अवलंबून नसतें. प्रेम देणाऱ्याचें असलें तरी घेणारा हात मुलाचाच असावा लागतो.

धाकटा मुलगा बाप जिवंत असतांनाच आपला वांटा मागून घेतो. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणें वडील पुत्राला दुप्पट वांटा मिळे. तेव्हां दोघां भावांत धाकट्याचा वांटा एक-तृतीयांश होता. बापाच्या हयातींत त्याची मागणी करणें म्हणजे बाप मेल्यासारखाच आहे असें त्याला सुचविणें होय. पैसा घेऊन तो दूर देशीं जातो, उधळपट्टी करतो, दुष्काळांत सांपडतो, आणि शेवटीं डुकरें राखावयास राहतो. यहूदी माणसाच्या दृष्टीनें डुक्कर हा अशुद्ध प्राणी. त्याच्यापुढील शेंगांनीं पोट भरावें असें वाटूं लागणें ही अधोगतीची परिसीमा झाली. तेथें तो शुद्धीवर येतो आणि घरीं गेल्यावर बापाला काय सांगावयाचें तें मनाशीं ठरवितो. त्याच्या त्या भाषणाचे तीन भाग आहेत: मीं पाप केलें, पुत्र म्हणवून घेण्यास मी योग्य राहिलों नाहीं, तेव्हां मला आपल्या एखाद्या मोलकऱ्याप्रमाणें ठेवा.

पहिले दोन भाग म्हणजे कबुली. तिसरा भाग मात्र कबुली नव्हे. तो करार आहे. वरवर पाहतां ही मोठी नम्रता वाटते. परंतु मोलकरी कोण, हें पाहिलें म्हणजे तिच्यांतील मेख कळते. लूकनें वापरलेला ग्रीक शब्द घरांत राहणाऱ्या दासाचा नाहीं. तो रोजावर लावलेल्या मजुराचा आहे. मजूर दिवसभर राबतो, संध्याकाळीं मोल घेतो आणि आपल्या वाटेनें जातो. त्याच्यावर कोणाचे उपकार राहत नाहींत. मुलाला बापाच्या छपराखालीं आसरा हवा होता. पण त्याचें भाडें आपल्या घामानें भरण्याची सवलतहि हवी होती. रोज थोडें थोडें काम करून उधळलेला पैसा फेडतां येईल आणि मग बापाकडे मान वर करून पाहतां येईल, असा त्या योजनेचा अर्थ होता. घर सोडतांना त्यानें वांट्याचा हिशेब केला. घरीं परततांनाहि त्याच्या हातांत हिशेबाची वहीच होती.

पुढें जें घडतें त्यानें ती वही मिटते. मुलगा दूर आहे तोंच बाप त्याला पाहतो. यावेळीं बापाला काय वाटलें हें सांगतांना लूकनें जें ग्रीक क्रियापद योजिलें आहे, तें पोटांतील आंतडीं या अर्थाच्या शब्दापासून बनलें आहे. त्याचा अर्थ मराठी माणसाला समजावून सांगण्याची गरज नाहीं. लेंकरासाठीं आंतडें तुटतें, असें मराठी आई रोज म्हणत असते. तो बाप धांवत जातो. पौरस्त्य समाजांत चारचौघांत मान असलेला वयस्क गृहस्थ सहसा धांवत नाहीं. परंतु येथें बापानेंच आपली प्रतिष्ठा बाजूला ठेविली. तो मुलाच्या गळ्यांत पडून त्याचे मुके घेतो. मुलगा ठरविलेलें भाषण सुरू करतो. पाप केल्याची कबुली तो देतो. योग्यता उरली नाहीं हेंहि म्हणतो. आणि मोलकऱ्याची गोष्ट काढण्यापूर्वींच बाप चाकरांकडे वळून आज्ञा देऊं लागतो. प्रचलित पाठांत भाषणाचा तिसरा भाग मुलाच्या तोंडून बाहेर पडतच नाहीं.

बापाच्या आज्ञा पाहाव्या. उत्तम झगा आणा, याच्या बोटांत अंगठी घाला, पायांत जोडे घाला. अंगठी हें घराण्याच्या अधिकाराचें चिन्ह होतें, आणि पायांत जोडे असणें ही घरच्या मुलाची खूण मानली जाई. दास अनवाणी असत. कबुली बापानें नाकारली नाहीं; ती ऐकून घेतली. करार मात्र त्यानें बोलूंहि दिला नाहीं. पैसा कोठें गेला, हा प्रश्न त्यानें विचारला नाहीं, आणि आतां नीट वागशील ना, अशी अटहि घातली नाहीं. मजुराची जागा त्या घरांत होती; पण ती या मुलासाठीं नव्हती.

डच चित्रकार रेम्ब्रांट यानें आयुष्याच्या अखेरीस, सुमारें १६६८ मध्यें, याच क्षणाचें चित्र काढलें. तें आज रशियांतील सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटेज संग्रहालयांत आहे. तारुण्यांत याच रेम्ब्रांटनें हातांत मद्याचा पेला उंचावलेला तरुण रंगविला होता, आणि त्या चित्रांतील उधळ्या पुत्राला स्वतःचा चेहरा दिला होता. त्यानंतरच्या ३० वर्षांत त्याची पत्नी वारली, तीन अपत्यें तान्हेपणींच गेलीं होतीं, १६५६ मध्यें त्याचें दिवाळें निघालें, आणि १६६८ मध्यें तरुण मुलगा टायटस हाहि मरण पावला. शेवटच्या चित्रांत मुलाचें डोकें भादरलेलें आहे, एका पायांतील जोडा गळून पडला आहे, आणि त्याचा चेहरा बापाच्या छातीशीं अर्धा लपला आहे. तो कांहीं बोलत नाहीं, कांहीं देऊं करीत नाहीं. वृद्ध बापाचे दोन्ही हात त्याच्या पाठीवर आहेत, आणि त्या हातांचें वजन तो अंगावर पडूं देत आहे. क्षमा घेणें म्हणजे काय, हें याहून स्पष्टपणें रंगांत क्वचितच सांगितलें गेलें असेल.

दृष्टांतांतील वडील भाऊ या प्रकाशांत पाहिला म्हणजे दोघांचा आजार एकच होता हें कळतें. वाद्यांचा आवाज ऐकून तो अंगणांतच थांबतो. इतकीं वर्षें मीं गुलामासारखी चाकरी केली, आणि मित्रांसह मौज करण्यासाठीं मला एक करडूंहि मिळालें नाहीं, हें त्याचें गाऱ्हाणें. धाकटा मोलकरी होऊं पाहत होता. थोरला घरांत राहून मोलकरीच झाला होता. एकाला आपलें देणें फेडावयाचें होतें, दुसऱ्याला आपलें येणें वसूल करावयाचें होतें. बाप त्याच्यासाठींहि बाहेर येतो आणि त्याची विनवणी करतो. माझें जें आहे तें सर्व तुझेंच आहे, या अर्थाचें त्याचें उत्तर मोल मागणाऱ्याला दिलेलें नाहीं. तें मुलाला दिलेलें आहे.

क्षमा न घेणाऱ्याचें पुढें काय होतें, हें ख्रिस्तानें मत्तयाच्या १८ व्या अध्यायांतील दुसऱ्या एका दृष्टांतांत दाखविलें आहे. एका चाकराकडे राजाचें १०,००० तालांतांचें कर्ज होतें. एक तालांत म्हणजे सुमारें ६,००० दिनार, आणि एक दिनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे तें कर्ज सहा कोटी दिवसांच्या श्रमाइतकें होतें. तो चाकर राजापुढें लोटांगण घालून मुदत मागतो. सर्व फेडीन असें म्हणतो. राजा मुदत देत नाहीं. तो सगळें कर्जच सोडून देतो. चाकर बाहेर पडतो आणि १०० दिनारांसाठीं आपल्या सोबत्याचा गळा धरतो. या माणसाच्या निष्ठुरपणावर पुष्कळ बोललें जातें. परंतु त्याच्या मनांत डोकावून पाहिलें तर आणखी एक गोष्ट दिसते. कर्ज सुटलें यावर त्याचा विश्वासच बसलेला नसावा. तो अजून फेडावयासच निघाला आहे, आणि म्हणून दिनार दिनार गोळा करीत आहे. ज्याला आपलें ऋण माफ झाल्यासारखें वाटत नाहीं, तो दुसऱ्याचें ऋण सोडूं शकत नाहीं. स्वतःला क्षमा न घेणारीं माणसें पुष्कळदां घरांतील इतरांना फार कठोर असतात, याचें कारण येथें सांपडतें.

यांतील सर्वांत करुण उदाहरण मात्र दृष्टांतांतील नाहीं. ख्रिस्ताच्या १२ शिष्यांपैकीं दोघांनीं त्याच्या अटकेच्या रात्रीं मोठा अपराध केला. यहूदानें ३० रुप्याच्या नाण्यांसाठीं त्याला धरून दिलें. पेत्रानें या माणसाला मी ओळखत नाहीं असें तीन वेळां सांगितलें. दोघांनाहि पश्चात्ताप झाला. यहूदाचा पश्चात्ताप खोटा होता असें म्हणतां येत नाहीं: आपण निर्दोष माणसाचा घात केला असें त्यानें याजकांपुढें कबूल केलें, आणि पैसे मंदिरांत फेंकून दिले. परंतु त्यानें आपला न्यायहि आपणच केला आणि शिक्षाहि आपणच भोगून टाकली. ज्याच्याजवळ क्षमा होती त्याच्यासमोर तो गेलाच नाहीं. पेत्र मोठ्यानें रडला. पण तो सोबत्यांत राहिला. पुढें गालीलच्या सरोवराकांठीं पुनरुत्थित ख्रिस्तानें त्याला, कोळशाच्या विस्तवाजवळ, आपल्यावर प्रेम करतोस काय असें तीन वेळां विचारलें. नाकारलेंस कां, असें एकदांहि विचारलें नाहीं. प्रत्येक उत्तरानंतर आपलीं मेंढरें सांभाळण्याचें काम मात्र त्याच्या हवालीं केलें. योहानाच्या शुभवर्तमानांत कोळशाचा विस्तव दोनदांच येतो. एकदां नाकारण्याच्या रात्रीं आणि एकदां येथें. याच पेत्रानें कांहीं दिवसांपूर्वीं ख्रिस्ताला आपले पाय धुवूं देण्यास हरकत घेतली होती. त्यालाहि घेणें जड जात होतें. तें त्याला शिकावें लागलें.

आपल्या महाराष्ट्रांतहि हा अनुभव मोठ्या प्रामाणिकपणें लिहून ठेवणारी एक थोर स्त्री होऊन गेली. पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ चा. शास्त्राभ्यास, व्रतें आणि तीर्थयात्रा यांच्या खडतर शिस्तींत त्या वाढल्या. दुष्काळाच्या दिवसांत त्यांचे आईवडील गेले. १८८२ मध्यें वैधव्य आलें. इंग्लंडमध्यें असतांना, समाजानें टाकलेल्या स्त्रियांना ख्रिस्ती भगिनी ज्या मायेनें वागवीत ती पाहून त्यांना नवल वाटलें. त्याचें मूळ कशांत आहे असें विचारतां त्यांना शोमरोनी स्त्रीची कथा सांगण्यांत आली. १८८३ मध्यें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. परंतु १९०७ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी आत्मनिवेदनांत त्या सांगतात कीं, आपल्याला धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता. पापाचें ओझें गेलें नव्हतें. बाप्तिस्म्यानंतर सुमारें आठ वर्षांनीं त्यांना उमगलें कीं, जें मिळविण्यासाठीं आपण धडपडत आहों तें अगोदरच देऊन ठेविलेलें आहे. आपण आहों तसें पुढें होऊन तें घ्यावयाचें आहे. पांडित्यानें आणि कर्तृत्वानें एवढ्या मोठ्या स्त्रीला हें कळावयास आठ वर्षें लागावीं, यांत आश्चर्य नाहीं. ज्याला पात्रता मिळविण्याची संवय असते, त्यालाच फुकट मिळालेलें घेणें अधिक कठीण जातें. पुढें केडगांवीं त्यांनीं दुष्काळांतील शेंकडों मुलींना आसरा दिला, आणि वाट चुकलेल्या स्त्रियांसाठीं जें घर उघडलें त्याचें नांव कृपासदन ठेविलें.

येथें एक रास्त शंका उभी राहते. क्षमा इतकी सहज मिळत असेल तर अपराध स्वस्त होणार नाहीं काय? ख्रिस्ती श्रद्धेचें उत्तर असें कीं, क्षमा फुकट असते ती घेणाऱ्याला. देणाऱ्याला ती कधींच फुकट नसते. दृष्टांतांतील एक-तृतीयांश मालमत्ता कोणी परत आणून दिली नाहीं. ती हानि बापानें सोसली. ख्रिस्ताचा वधस्तंभ हें त्या सोसण्याचेंच रूप होय, असें ख्रिस्ती भक्त मानतात. दुसरें असें कीं, क्षमा घेतल्यानें भरपाईची जबाबदारी संपत नाहीं. उलट ती आनंदानें उचलतां येते. यरीहोचा मुख्य जकातदार जक्कय यानें आपली अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचें आणि लुबाडलेल्यांना चौपट परत करण्याचें वचन दिलें. पण तें केव्हां? ख्रिस्त त्याच्या घरीं पाहुणा होऊन गेल्यानंतर. मोलकरी घरांत शिरण्यासाठीं काम करतो. मुलगा घरांत असतो म्हणून काम करतो. शेत तेंच आणि नांगरहि तोच असतो, परंतु राबणाऱ्याच्या मनांत फार अंतर असतें.

कांहींच्या बाबतींत अडचण निराळी असते. ज्यांना बाप म्हटलें कीं उगारलेली छडीच आठवते, त्यांना देव पिता आहे या शब्दांत दिलासा मिळत नाहीं. ख्रिस्तानें गेथशेमाने बागेंत प्रार्थना करतांना अब्बा हा जो अरामी शब्द वापरला, तो घरांतल्या मुलांनीं बापाला हांक मारण्याचा शब्द होता. आई मुलाचें सांत्वन करते तसें सांत्वन देव करतो, असें यशयाच्या ग्रंथांतहि आलें आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीं (१८६१ ते १९१९) ख्रिस्ताला आई आणि गुरु अशा एकत्र नात्यानें आळविलें. विठ्ठलाला माउली म्हणणाऱ्या भाषेंत वाढलेल्या कवीला तें नातें सहज सुचलें. पिता हा शब्द देवाच्या प्रेमाचें माप नव्हे. तें प्रेमच पृथ्वीवरील प्रत्येक पित्याचें माप आहे.

तेव्हां क्षमा घेणें म्हणजे मनांत विशेष कांहीं वाटूं लागण्याची वाट पाहणें नव्हे. मुलाला अंगांत झगा घातला गेला त्या क्षणीं आपण योग्य आहों असें वाटलें असेल, हें संभवत नाहीं. त्याच्या अंगाला अजून दूर देशाची धूळ होती. त्याला करावयाचें होतें तें एवढेंच: झगा अंगावरून काढून टाकावयाचा नाहीं, अंगठी परत करावयाची नाहीं, आणि मांडलेल्या पंक्तीला बसावयाचें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं जुनी लाज पुन्हां जागी झाली असेल. तेव्हां मजुरांच्या खोपटाकडे न जातां त्याला पुन्हां बापाच्या ओसरीवर यावें लागलें असेल. क्षमा एकदां दिली जाते. घ्यावी मात्र रोज लागते.

थोरला भाऊ शेवटीं आंत आला कीं नाहीं, हें ख्रिस्तानें सांगितलेलें नाहीं. गोष्ट अंगणांत थांबते. आंत दिवे लागलेले आहेत, पंगत बसली आहे, आणि आपल्या दुसऱ्या मुलाच्या उत्तराची वाट पाहत बाप अजून बाहेर उभा आहे.